बुडालेल्याला आधी श्वास का देतात?

बुडालेल्याला बाहेर काढलं, की आपल्याकडे गर्दीतला कुणीतरी हमखास त्याला पालथा घालून पोट दाबायला लागतो. जीवरक्षकांना प्रशिक्षणात नेमकं हेच करू नका म्हणून बजावतात. पोटातलं अन्नपाणी वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते, शिवाय श्वासावाचून वेळ जातो. पण या समजुतीला हसू नये. एकेकाळी युरोपातले जाणकारही असंच करत.

१७६७ मध्ये कालव्यांच्या ॲमस्टरडॅममध्ये बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी संस्था निघाली, १७७४ मध्ये लंडनमध्ये. अंग शेकणं आणि तोंडाने हवा फुंकणं हे उपाय त्या काळी सांगितले जात, आणि चक्क गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणंही! पाणी निघावं म्हणून माणसाला पिंपावर घालून लोळवतही असत.

यातला खरा उपाय, तोंडाने श्वास देणं, तोच पुढे मागे पडला. ऑक्सिजन कळल्यावर उच्छ्वासाची हवा ‘वापरलेली’ वाटू लागली. तिच्याऐवजी भाते आले. त्यांच्या जोराने फुप्फुस फाटू शकतं हे १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये दिसलं आणि तेही बाजूला पडले. मग शंभर वर्षं श्वास चालावा म्हणून हातांच्या कसरती चालल्या. १८५८ची सिल्व्हेस्टर यांची, नंतर शेफर यांची, १९३२ची होल्गर नील्सन यांची. या शेवटच्या पद्धतीत पालथ्या माणसाची पाठ दाबायची, मग दंड धरून उचलायचे.

१९५०च्या दशकात जेम्स एलम यांनी दाखवलं, की उच्छ्वासात १६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरतो आणि तो पुरतो. पीटर साफार यांनी बाल्टिमोरमध्ये स्वयंसेवकांना भूल देऊन, स्नायू शिथिल करून प्रयोग केले. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो, त्यामुळे पाठ कितीही दाबली तरी हवा जेमतेम आत जाते. डोकं मागे कलवून हनुवटी उचलली, की वाट मोकळी होते. १९६० मध्ये छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि दोन्ही मिळून सीपीआर झालं.

२०१० मध्ये सीपीआरचा क्रम बदलला, छाती दाबणं आधी आलं. हृदय अचानक बंद पडलं, तर रक्तात थोडा वेळ ऑक्सिजन असतो, म्हणून ते ठीक. बुडालेल्याचं उलट असतं. ऑक्सिजन आधी संपतो, हृदय नंतर थांबतं. म्हणून जीवरक्षक श्वासानेच सुरुवात करतो. युरोपात पाच श्वास, अमेरिकेत दोन, मग ३० दाब. तोंडाशी फेस येत राहतो, तो पुसत बसायचं नसतं.

ऑफिसच्या शिबिरात ‘फक्त छाती दाबा’ एवढंच शिकून आलेल्या पर्यटकाला किनाऱ्यावरचा हा क्रम चुकीचा वाटेल. त्याला शिकवलेलं खोटं नाही, ते अचानक कोसळलेल्या माणसासाठी आहे.