स्टिअरिंगमधली सरसर

गाडी वळवताना स्टिअरिंगमधून सरसर किंवा किरकिर ऐकू आली की गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं: रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारी दातेरी दांडी, गेला. मग रॅक, टाय रॉड, सस्पेन्शनचे बुश यांच्यामागे हजारो रुपये जातात आणि आवाज आहे तिथेच राहतो. कारण बऱ्याचदा तो चाकांकडून येतच नसतो. हॉर्नच्या पॅडमागे तळहाताएवढी एक गोल प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यातून तो येतो. मेकॅनिक तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. टोयोटाच्या पार्ट्सच्या यादीत तिचं नाव स्पायरल केबल आहे.

दोन्ही आवाज वेगळे ओळखायची पद्धत सोपी आहे. पुढची चाकं जॅकवर उचलून घ्यायची आणि स्टिअरिंग सावकाश फिरवायचं. भार निघाला की रॅक आणि टायरचे आवाज बदलतात किंवा थांबतात. डबीतला आवाज मात्र जसाच्या तसा राहतो, आणि तो पायाशी नव्हे, छातीसमोर ऐकू येतो.

या डबीचं काम काय? स्टिअरिंग फिरतं, त्यामागचा कॉलमचा सांगाडा फिरत नाही. हॉर्न, रेडिओची बटणं, क्रूझ कंट्रोल आणि एअरबॅग हे सगळं फिरत्या भागावर बसलेलं. साध्या तारा जोडल्या तर त्या पीळ पडून तुटतील. पूर्वी व्हीलवर फक्त हॉर्न होता, तेव्हा धातूची एक कडी आणि तिच्यावर घासणारा स्प्रिंगचा ठोकळा एवढ्यावर भागायचं. खड्ड्यात तो संपर्क क्षणभर सुटला तर हॉर्न खरखरला, इतकंच. एअरबॅगला हे चालत नाही. तिला पेटवणाऱ्या इग्नायटरचा रोध जेमतेम २ ओहम असतो, कंट्रोल युनिट त्यावर सतत लक्ष ठेवून असतं आणि धडक झाली की काही मिलिसेकंदांत तिथे करंट पोचावा लागतो. घासणाऱ्या संपर्काच्या भरवशावर एवढी जोखीम कोण घेणार? म्हणून इकडून तिकडे अखंड जाणारी चपटी केबल डबीत गुंडाळून ठेवतात. भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, तेव्हापासून साध्यातल्या साध्या हॅचबॅकमध्येही ही केबल आली.

केबल चपटी का? एखादी पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि बरोबर मधल्या रेषेवर ताण शून्य असतो. ताणाचं प्रमाण म्हणजे जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. १ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर तिचा पृष्ठभाग १० टक्के ताणला जाईल, आणि काही वेळा असं केल्यावर ती तुटेल. तेच तांबं ०.०३५ मिलिमीटर जाडीचं घेतलं तर ताण ०.३५ टक्क्यांवर येतो. अशा तांब्याच्या पट्ट्या पॉलिएस्टरच्या दोन फिल्ममध्ये चिकटवून मधोमध ठेवतात, म्हणजे त्या शून्य ताणाच्या रेषेवरच राहतात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन वळणं फिरतं, पण डबीत थोडी जादा मोकळीक धरून पाच वळणांची सोय ठेवू. मधल्या फिरत्या नळीची त्रिज्या २.५ सेंटिमीटर आणि बाहेरच्या भिंतीची ४.५ सेंटिमीटर समजा. घड्याळाच्या कमानीसारखी एकाच दिशेने केबल गुंडाळली, तर लागणारी लांबी काढताना दोन त्रिज्यांच्या व्यस्तांची वजाबाकी भाजकात येते. उत्तर येतं सुमारे १७७ सेंटिमीटर. पण केबल बाहेरच्या भिंतीलगत एका दिशेने नेली, मध्येच तिला इंग्रजी यू अक्षरासारखं उलटं वळवलं आणि आतल्या नळीवर विरुद्ध दिशेने गुंडाळलं, तर वजाबाकीच्या जागी बेरीज येते. लांबी सुमारे ५० सेंटिमीटरवर उतरते! तेवढ्याच वळणांसाठी एक तृतीयांशाहूनही कमी केबल. तांबं वाचतं, रोध कमी होतो आणि डबीत जागा रिकामी होते.

आणि इथेच आवाजाची सुरुवात होते. तो यू-वळसा एका जागी राहत नाही. स्टिअरिंग फिरलं की तोही डबीत गोल फिरतो, फक्त सावकाश. आपल्या मापांत स्टिअरिंगचं एक पूर्ण वळण झालं तर वळसा ०.३६ वळण पुढे सरकतो, म्हणजे आतली त्रिज्या भागिले दोन्ही त्रिज्यांची बेरीज. (एपिसायक्लिक गिअर शिकलेल्यांनी सूत्र ताडून पाहावं. बाहेरची रिंग स्थिर ठेवली तर प्लॅनेट गिअरच्या कॅरिअरचा वेग नेमका याच सूत्राने निघतो.)

हे घरी करून बघण्यासारखं आहे. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या फिल्मची किंवा जुन्या एक्स-रेची बोटभर रुंदीची लांब पट्टी कापा. मोठ्या गोल डब्याच्या आतल्या भिंतीला तिचं एक टोक टेपने चिकटवा, भिंतीलगत एक फेरा द्या, मग उलटं वळवून मध्ये ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यावर विरुद्ध दिशेने गुंडाळा आणि दुसरं टोक पेल्याला चिकटवा. पेला पट्टी गुंडाळून घेईल अशा दिशेने फिरवला तर ती निमूटपणे ओढली जाते. उलट फिरवला तर मात्र पेला पट्टीला ढकलतो. ती फुगते, फेऱ्यांमधली अंतरं बदलतात, कुठेतरी अडून राहते आणि मग टपकन उसळून भिंतीवर आपटते. डब्याच्या तळावर तिची कड घासल्याची सरसरही ऐकू येईल. गाडीतला आवाज कधी कधी फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे वळतानाच येतो, त्याचं कारण हे.

अभियंते या आवाजांचे दोन वर्ग करतात, घासण्याची किरकिर आणि आपटण्याची खडखड. दोन्हींचं मूळ वेगळं आहे आणि त्यांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात.

आधी किरकिर. दोन पृष्ठभाग थांबलेले असताना त्यांच्यातलं घर्षण सरकत असतानाच्या घर्षणापेक्षा सहसा जास्त असतं. केबल लवचीक असल्यामुळे ती आधी चिकटून राहते, मागून जोर वाढत जातो, मग ती एकदम निसटते, जोर ओसरतो आणि ती पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा असं झालं की कानाला तो सूर वाटतो. फळ्यावर करकरणाऱ्या खडूचं गणितही हेच आहे. ठरावीक वेगाच्या वर चिकटायला वेळच मिळत नाही आणि किरकिर थांबते. म्हणून ती भरधाव वळणावर येत नाही, पार्किंगमध्ये सावकाश स्टिअरिंग फिरवताना येते.

मग घर्षण कमी केलं की झालं, असं वाटेल. पण किरकिरीचा जन्म घर्षण किती आहे यावर तेवढा ठरत नाही, जेवढा थांबलेल्या आणि सरकत्या घर्षणातल्या फरकावर ठरतो. इथे टेफ्लॉनचा गुण कामी येतो. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत अपघाताने सापडलेल्या या प्लॅस्टिकमध्ये ही दोन्ही घर्षणं जवळजवळ सारखी असतात. निसटल्यावर जोर एकदम ओसरत नाही, त्यामुळे पुन्हा चिकटण्याचं चक्र सुरूच होत नाही. डबीच्या तळाला आणि झाकणाला आतून अशा निसरड्या पदार्थाची पातळ चकती बसवली, की केबलची कड तिच्यावरून गुपचूप सरकते.

आता खडखड. केबलच्या कडा आणि झाकण यांच्यात थोडी मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर केबल अडकून तुटेल. पण खडबडीत रस्त्यावर त्या मोकळ्या जागेत केबल उडते आणि आपटते. यू-वळशाला वाट दाखवायला काही डब्यांत छोट्या रोलरांची फिरती चौकट असते, तीही खडखडते. या आवाजाला मोकळीक कमी करणं हा उपाय, म्हणजे केबल दाबून धरायची. दाबली की घर्षण वाढतं आणि किरकिर परत येते! या पेचातून वाट काढणं हेच या डबीच्या रचनेचं खरं कौशल्य आहे.

कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. कडक वस्तू कडक वस्तूवर आपटली की त्यांचा स्पर्श फार थोडा वेळ टिकतो, समजा ०.२ मिलिसेकंद, आणि त्यातून निघणारा आवाज ५,००० हर्ट्झपर्यंत पोचतो, म्हणजे थेट कानाला टोचणाऱ्या जागी. तोच आघात मऊ आधारावर झाला आणि स्पर्श २ मिलिसेकंद टिकला, तर आवाज ५०० हर्ट्झच्या आसपासच संपतो. ऊर्जा तेवढीच असली तरी ठक्‌ऐवजी दबका थप्प ऐकू येतो. म्हणजे हवा असलेला पृष्ठभाग वरून निसरडा आणि खालून मऊ असा दुहेरी स्वभावाचा. याची एक नामी तोड म्हणजे निसरड्या चकतीत चिरा पाडून बारीक जिभल्या तयार करणं. त्या किंचित उचललेल्या राहतात आणि स्प्रिंगसारख्या लवतात. केबलला त्या हलकाच आधार देतात, त्यामुळे ती उडत नाही, आणि दाब इतका थोडा असतो की ती अडकतही नाही. रोलरच्या चौकटीलाही अशीच लवचीक बोटं देता येतात.

केबलची जाडीही महत्त्वाची. पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो, जाडी दुप्पट तर ताठरपणा आठपट. ताठ पट्टी जोरात उसळते. फार पातळ केली तर ढकलताना कोलमडते. शिवाय पॉलिएस्टर ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडायला लागतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. अशा उष्णतेत पट्टी ज्या वळणात असेल ते वळण धरून बसते आणि मूळ डिझाइनमधली सगळी अंतरं बदलतात. जास्त उष्णतेसाठी पेन (PEN) नावाची फिल्म वापरता येते, ती सुमारे १२० अंशांपर्यंत टिकाव धरते, पण महाग पडते.

ग्रीस का भरत नाहीत, असा प्रश्न नेहमी येतो. थंडीत ते घट्ट होतं, उन्हात पातळ होऊन पसरतं आणि धूळ धरतं. सिलिकॉन ग्रीसची वाफ जवळच्या स्विचच्या संपर्कांवर बसली तर तिथल्या ठिणगीने तिची सिलिका होते, म्हणजे वीज न वाहू देणारा थर. म्हणून फटीतून तेलाचा स्प्रे मारण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

इंजिनाच्या घरघरीत हे सगळे आवाज पूर्वी बुडून जायचे. इलेक्ट्रिक गाडीत ते झाकायला काहीच उरलेलं नाही, म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या डबीवर आता एवढं काम होतं.

आवाज म्हणजे बिघाड असं दरवेळी नसतं, पण केबल खरोखर तुटली तर प्रकरण गंभीर असतं. एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून ६३ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, त्यातल्या सुमारे ३५ लाख या स्पायरल केबलमुळे. त्यात भारतातल्या सुमारे ४५ हजार इनोव्हाही होत्या. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने अमेरिकेत सुमारे ४ लाख २० हजार गाड्या बोलावल्या, कारण डबीत कचरा शिरून केबल फाटू शकत होती. केबल फाटली की एअरबॅग उघडणार नाही. तरीही एअरबॅगचा लाल दिवा डॅशबोर्डवर लागला की स्कॅनरने तो घालवून देणारे आणि एअरबॅगच्या जागी २ ओहमचा रेझिस्टर लावून कंट्रोल युनिटला फसवणारे महाभाग आपल्याकडे आहेत. हा ग्राहकाच्या जिवाशी खेळ आहे. तसंच डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेल्या मूर्तीचं. श्रद्धा असावी, पण एअरबॅग काही शतांश सेकंदांत उघडते आणि वाटेत असलेली प्रत्येक कडक वस्तू समोरच्या माणसाच्या तोंडावर फेकते. ती मूर्ती आपलं रक्षण करेल हा समज इथे उलटा पडतो.

क्लॉक स्प्रिंग उघडून दुरुस्त करण्याची वस्तू नाही, ती आख्खीच बदलतात, आणि एअरबॅग काढावी लागत असल्याने हे काम घरी करायचं नाही. गॅरेजमध्ये उभे असाल तर दोन गोष्टी मात्र जरूर बघा. बॅटरीची जोडणी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय एअरबॅगला हात लावलेला नसावा. आणि नव्या डबीला मध्यावर अडकवून ठेवणारी पिन, पुढची चाकं सरळ करून डबी बसवण्याआधी काढलेली नसावी. पिन आधीच निघाली असेल तर डबी हळूच एका टोकापर्यंत फिरवायची, तिथून दुसऱ्या टोकापर्यंतची एकूण वळणं मोजायची आणि त्यांच्या निम्मी मागे घ्यायची. मध्य चुकला तर केबल पहिल्याच पूर्ण वळणावर ताणून तुटू शकते.