चाळिशीनंतर कन्नड येत नाही?

"चाळिशी उलटली की नवी भाषा डोक्यात शिरत नाही" हा मेसेज आपल्या बेळगाव-खानापूर भागात कायम फिरतो. लहानांचे उच्चार पुढे जास्त साफ होतात, एवढं त्यात खरं. सुरुवातीला मात्र शब्द आणि व्याकरण मोठी माणसंच लवकर उचलतात. शिवाय आपल्याला बरंच आयतं मिळतं: क-ख-गचा तोच क्रम, क्रियापद शेवटी, अण्णा-अक्का तर घरचेच!

आधी धीर येईल, मग शिकू, असंही सहसा होत नाही. थोडं जमलं की भीड चेपते. पडताळायचंय? स्टँडवर बसच्या कन्नड पाट्या बघा. गाव ठाऊक असतं, फक्त अक्षर ओळखायचं. 'बेळगावी'तला 'ग' सापडला की 'गोकाक'मध्येही दिसतो. आठवड्याने न घोकलेली पाटी वाचा; चुकली तर कंडक्टर सांगेलच.