रास्पबेरी पायवरची एसएसडी सारखी का गायब होते?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये भट्टीचं तापमान नोंदवायला आम्ही रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर बसवला होता. नोंदी साठवणारी त्याची एसएसडी, म्हणजे फ्लॅश मेमरीची डिस्क, दर दोन-तीन दिवसांनी गायब व्हायची. बोर्डवरचा दिवा सुरू, पण नोंद बंद. लॉग, म्हणजे सिस्टीमची रोजनिशी, उघडला की ‘रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’ हीच ओळ पानभर, आणि शेवटी फाइल सिस्टीम रीड-ओन्ली, म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही. मालकांनी राजारामपुरीतून नवी एसएसडी आणली. चौथ्या दिवशी तिचंही तेच. तेव्हा लेथवरचे मिस्त्री म्हणाले, ‘‘मोटर जळाली म्हणायच्या आधी व्होल्टेज बघतोस न्हवं? मग हितं का न्हाई बघितलंस?’’

मिस्त्रींना पायचा इतिहास ठाऊक नव्हता, पण बोट बरोबर जागी ठेवलं होतं.

पहिला पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला, किंमत ३५ डॉलर. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं हा हेतू. साठवणीला एसडी कार्ड, विजेला मोबाइलच्या चार्जरची मायक्रो यूएसबी पिन. सुरुवातीच्या बोर्डांवर प्रत्येक यूएसबी पोर्टला १४० मिलिअँपिअरचा फ्यूज होता, म्हणजे कीबोर्ड आणि माउस लावा, बास. डिस्क कुणाच्या डोक्यातच नव्हती. ते फ्यूज पुढच्या आवृत्तीत निघाले, पण लोकांनी तोवर या शाळकरी बोर्डाला सर्व्हर करून टाकलं होतं.

सर्व्हर म्हटला की लिहिणं आलं, आणि कार्डाचं तिथंच जमत नाही. फ्लॅश मेमरी पुसायची तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. दर सेकंदाला चार आकडे लिहिले की कार्ड झिजतं, आणि लिहिताना लाइट गेली तर फाइल सिस्टीमही जाते. म्हणून लोक यूएसबी डिस्ककडे वळले. २०१६ च्या पाय ३ ला थेट यूएसबीवरून बूट, म्हणजे सुरू, होता यायचं. पण त्यात नेटवर्क आणि सगळे पोर्ट मिळून यूएसबी २ ची एकच वाट. वेग कमी, त्यामुळे कुरबुरीही कमी.

जून २०१९ मध्ये पाय ४ आला, सोबत यूएसबी ३ चे दोन पोर्ट. २०२० मध्ये बूटलोडर (बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट करून त्यावरही यूएसबी बूट मिळालं. इथून खरी डोकेदुखी सुरू झाली, कारण साटा जोडणीची नेहमीची एसएसडी यूएसबीला लावायची तर मध्ये अडॅप्टर लागतो आणि अडॅप्टरमध्ये दोघांत दुभाषाचं काम करणारी एक ब्रिज चिप असते. जुन्या पद्धतीत ती चिप एका वेळी एकच हुकूम घेते. तो पुरा झाला की पुढचा. यूएएस नावाच्या नव्या पद्धतीत हुकमांची रांग लागते. पायवर चालणाऱ्या लिनक्समध्ये ती २०१४ च्या ३.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) रुळली. काही चिप ‘मला यूएएस येतं’ असं सांगतात आणि लोड आला की गांगरतात. अशा चिपांची यादीच कर्नलच्या सोर्समध्ये ठेवलेली आहे. आपली चिप त्या यादीत नसेल तर बूट होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या ओळीत तिचा आयडी आणि पुढे ‘यू’ (u) लिहून तिला जुन्या पद्धतीवर आणायचं. वेग पडतो, डिस्क टिकते.

वीज कमी पडली तरी लॉगमध्ये बऱ्याचदा हीच रीसेटची ओळ दिसते. नुसता लॉग वाचून चिप दोषी की चार्जर, हे कळत नाही. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतो, आणि काही एसएसडी लिहिताना एकट्याच तेवढा ओढू पाहतात. त्यात केबलचा हिशोब धरा. जाण्यायेण्याची तार मिळून पाव ओहम असेल आणि २ अँपिअर वाहत असेल, तर अर्धा व्होल्ट तारेतच जातो. पाचचे उरले साडेचार. पाय ४.६३ च्या खाली गेला की कमी व्होल्टेजची खूण करून ठेवतो. अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्टचा असतो, तो याचसाठी.

ती खूण ‘vcgencmd get_throttled’ या कमांडने दिसते. उत्तर शून्य हवं. आमच्याकडे आलं 0x50000, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. पायला वीज आणणारी तार दोन मीटरची, बारीक, मोबाइलच्या चार्जरची. ती बदलली आणि गायब होणं आठवड्यातून एकदावर आलं. उरलेलं ‘यू’ लिहिल्यावर थांबलं. म्हणजे दोष दोन होते आणि एसएसडी दोन्हीत नव्हती.

२०२३ च्या पाय ५ मध्ये पीसीआयई ही थेट जोडणी आली, म्हणजे तिच्यावर चालणारी एनव्हीएमई जातीची एसएसडी लावताना मधली ब्रिज चिपच उरली नाही. विजेचा प्रश्न मात्र राहिला: ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर यूएसबीला ६०० मिलिअँपिअरच मिळतात, असेल तर १.६ अँपिअर. शिवाय ही पीसीआयई प्रमाणित आहे दुसऱ्या पिढीच्या वेगासाठी. सेटिंग बदलून तिसऱ्या पिढीवर पळवता येते, आणि पळवणारे पळवतातच. मग डिस्क रुसली की आधी ती सेटिंगची ओळ काढून बघायची.

मालकांची पहिली ‘खराब’ एसएसडी आता ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये आहे. टॅलीचा बॅकअप रोज तिच्यावरच पडतो.