एकच सिलिंडर जास्त का तापतो: दोष पाण्याचा की मिश्रणाचा?

जुन्या गाडीच्या इंजिनात एखादा सिलिंडर इतरांपेक्षा जास्त तापत असेल, तर त्याचे मूळ बहुधा दोनपैकी एका ठिकाणी असते. एक तर त्या सिलिंडरभोवती पाणी नीट फिरत नाही, किंवा त्यात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते, म्हणजेच मिश्रण लीन होते. हे दोन्ही दोष सहज एकमेकांसारखे भासतात. चढावर इंजिन नॉक करू लागते (आतून ठोके ऐकू येतात), ताकद कमी पडते आणि डॅशबोर्डवरचा काटा मात्र नेहमीच्या जागी राहू शकतो, कारण तो एकाच जागच्या पाण्याचे तापमान दाखवतो. म्हणूनच मॅनिफोल्डचे (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचे) गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, हवा ओढत असताना रेडिएटर साफ करण्यात श्रम वाया जातात.

फरक ओळखायचा तर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन जागा मोजाव्यात: प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर पडण्याचे तोंड, आणि त्याच सिलिंडरजवळचा हेडचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा, भाग. पाण्याचा दोष असेल, तर हेडवरचे आकडे वेगळे पडतात आणि पोर्टवरचे साधारण सारखे राहतात. मिश्रणाचा दोष असेल, तर तफावत आधी पोर्टवर दिसते. चकचकीत अॅल्युमिनियम किंवा क्रोमवर हे यंत्र खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, त्यामुळे मोजण्याच्या प्रत्येक जागी उष्णता सहन करणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्यावा. ही खबरदारी घेतली नाही, तर पुढचे सगळे अनुमान व्यर्थ ठरते.

आकडा वेगळा आला म्हणजे दोष सापडला, असेही नाही. मॉरिस मायनर या ब्रिटिश गाडीतील बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ए-सिरीज इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा धूर एकाच मधल्या पोर्टमधून बाहेर पडतो. १९३२ ते १९५३ या काळातील फोर्डच्या फ्लॅटहेड (झडपा हेडऐवजी सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) व्ही-८ मध्येही प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांची अशीच जोडी आहे. तिथला जादा ताप रचनेतूनच येतो. शिवाय एक सिलिंडर मिसफायर करत असेल, म्हणजे त्यात मिश्रण नीट पेटत नसेल, तर त्याचा पोर्ट थंड राहतो आणि बाकीचे उगाच गरम वाटतात.

माझ्या मते आकड्यांपेक्षाही भरवशाची खूण म्हणजे तापमान केव्हा वाढते ही. मॅनिफोल्डमधील गळतीचा परिणाम इंजिन आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) असताना सर्वांत जास्त जाणवतो, कारण तेव्हा आतली ओढ तीव्र असते. अॅक्सिलरेटर दाबला की तो कमी होतो. तुंबलेल्या पाण्याचे याच्या उलट असते: भार वाढला आणि चढ लांबला की तापही वाढत जातो. गरम इंजिन आयडलवर ठेवून चोक (मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ) किंचित ओढून पाहावा. इंजिन अधिक सुरळीत चालू लागले, तर मिश्रण लीन होते असे समजावे, कारण मिश्रण योग्य असलेले इंजिन अशा वेळी अडखळू लागते.

ताप कुठे आहे, हेही बोलके असते. दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग), प्रत्येकी दोन सिलिंडरांसाठी एक, असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात पुढची जोडी गरम आणि मागची थंड असेल, तर कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळलेले नाहीत, अशी शंका आधी घ्यावी. ताप पुढून मागे क्रमाने वाढत असेल, तर पाण्याकडे वळावे. पंप पुढे असल्याने मागे प्रवाह मंद पडतो आणि गंज व गाळ तिथेच साचतो. क्रायस्लरच्या जुन्या फ्लॅटहेड सहा सिलिंडर इंजिनांत पाणी मागपर्यंत वाटून देणारी पत्र्याची नळी ब्लॉकच्या आत असते; ती गंजून फुटली, तर पंप आणि रेडिएटर निर्दोष असूनही मागचे सिलिंडर तापतात.

मिश्रणाचा दोष बहुतेक वेळा गॅस्केट बदलून आणि कार्ब्युरेटर जुळवून मिटतो. पाण्याच्या दोषावर मात्र नुसते रसायन ओतणे पुरत नाही. घट्ट बसलेल्या गाळापर्यंत ते पोचत नाही, म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मागचे वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवर बसवलेल्या पत्र्याच्या चकत्या) काढावेत, तारेने गाळ मोकळा करावा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत ब्लॉक उलट्या दिशेने धुवावा.