साखळी टाका: एका कडीची गोष्ट

भरतकाम शिकायला बसलं की धावदोऱ्यापाठोपाठ साखळी टाका येतो. सुई वर काढायची, दोरा अंगठ्याखाली धरायचा, त्याच भोकात सुई पुन्हा घालून जरा पुढे काढायची. दोरा सुईखाली राहिला की कडी तयार. पुढचा टाका त्या कडीच्या पोटातून निघतो. हे लवकर जमतं, म्हणून त्याला नवशिक्यांचा टाका समजतात. मला हे त्याच्यावर अन्यायाचं वाटतं.

अल्ताय पर्वतात पाझिरिक इथल्या बर्फात गोठलेल्या थडग्यांतून 1940 च्या दशकात खोगिरावर घालायचं एक रेशमी आच्छादन निघालं. सुमारे 2300 वर्षांपूर्वीचं ते चिनी रेशीम, आणि त्यावरचे पक्षी साखळी टाक्यात भरलेले. चीनच्या हुबेई प्रांतात माशान इथे 1982 साली उघडलेल्या थडग्यातल्या झग्यांवरचे ड्रॅगन आणि वाघही याच टाक्यातले. वळणदार रेषेवर साखळी सहज वळते, आणि ओळीला ओळ लावली की आकार भरूनही निघतो. त्या कारागिरांना दुसऱ्या टाक्याची फारशी गरज पडली नाही.

पुढची मोठी उडी आरीची. कच्छ-सौराष्ट्रातल्या मोची कारागिरांनी चामड्यावरचं हे हत्यार कापडावर आणलं. इथे दोरा कापडाखाली असतो. आरीच्या टोकाचा बारीक आकडा खाली जाऊन दोऱ्याची कडी वर ओढतो. प्रत्येक टाक्याला अख्खा दोरा आरपार ओढावा लागत नाही, त्यामुळे हात भराभर चालतो. गुजरातचं हे भरतकाम 17 व्या शतकात व्यापाऱ्यांमार्फत युरोपात पोचलं. 18 व्या शतकात फ्रान्समध्ये ढोलासारख्या गोल चौकटीत कापड ताणून आकड्याच्या सुईने असंच काम होऊ लागलं. चौकटीवरूनच त्याला तांबूर म्हणजे ढोल हे नाव पडलं.

तीच आकड्याची सुई बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने यंत्रात बसवली आणि 1830 साली पेटंट घेतलं. ते यंत्र साखळी टाकाच घालायचं. पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रं फोडली.

एका दोऱ्याच्या साखळीत खोटही आहे: शेवटची कडी सुटली की मागच्या कड्या भराभर उसवतात. 1846 साली इलायस हाव यांनी पेटंट घेतलेल्या यंत्रात दोन दोरे एकमेकांत अडकत. शिवणीसाठी पुढे तीच पद्धत रुळली. धान्याच्या पोत्यांची तोंडं मात्र अजून साखळीनेच शिवतात. बरोबर टोक सापडलं की एका ओढीत पोतं उघडतं.

हाताच्या कामात ही खोट टाळायला शेवटच्या कडीबाहेर एक बारीक टाका घेतात.