ब्लॅक बेल्ट परीक्षा (कराटे)

ब्लॅक बेल्ट परीक्षा : कराटेतील शिकाऊ ‘क्यू’ श्रेण्या संपवून पहिली ‘दान’ श्रेणी, म्हणजे शोदान, मिळवण्यासाठी द्यावयाची परीक्षा. बोलण्यात ‘ग्रेडिंग’ किंवा नुसते ‘ब्लॅकची एक्झाम’. ‘काळा पट्टा’ हा प्रतिशब्द छापण्यापुरताच राहिला आहे. त्यातून बडोद्यासारख्या तालमींच्या गावात पट्टा म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे दांडपट्टा येतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः शोतोकान ही कराटेची शाखा गृहीत धरली आहे.

पांढरा पट्टा वर्षानुवर्षे न धुता वापरल्याने मळून काळा झाला आणि तोच ब्लॅक बेल्ट, ही कथा क्लासांतून हमखास ऐकू येते. तिला समकालीन लेखी आधार नाही आणि ज्ञात कालक्रमाशीही ती जुळत नाही. (मळका पट्टा अभिमानाने मिरवणे जपानी टापटिपीशीही फारसे सुसंगत नाही.) श्रेणीची कल्पना कराटेत ज्यूदोतून आली. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्यूदोची संस्था स्थापली आणि पुढल्याच वर्षी तोमिता व साइगो या दोन शिष्यांना शोदान दिले. तेव्हा वेगळा पट्टा नव्हता. दान धारण करणाऱ्यांनी काळा पट्टा बांधण्याची रीत सामान्यतः १८८६-८७ च्या सुमाराची मानतात. तोही किमोनोवरचा रुंद पट्टा असावा. आजचा अरुंद जाड पट्टा ज्यूदोच्या पांढऱ्या गणवेशाबरोबर, बहुधा १९०७ च्या आसपास आला. खुद्द ‘दान’ हा शब्द ‘गो’ या पटावरील खेळाच्या श्रेणीपद्धतीतून घेतला, हे मत बहुतेकांना मान्य आहे.

मधल्या रंगांबद्दल एकवाक्यता नाही. पिवळा, नारिंगी, हिरवा या क्रमाचे श्रेय दीर्घकाळ, १९३० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये ज्यूदो शिकवणाऱ्या कवाइशी यांना दिले जाई. लंडनच्या बुडोक्वाई संस्थेत त्याआधीच, १९२७ च्या सुमारास, रंगीत पट्टे दिसतात, हे लक्षात घेता हा क्रम तिथला असल्याचे मत अधिक सयुक्तिक वाटते. कराटेतील पहिली दान प्रमाणपत्रे ओकिनावाहून तोक्योला आलेल्या गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये दिली. म्हणजे ज्याला प्राचीन परंपरा समजले जाते, तिचे वय जेमतेम शंभर वर्षे.

परीक्षेचे भाग तीन : किहोन (मूलभूत तंत्रे), काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) व कुमिते (जोडीदाराशी लढत). किहोनमध्ये हात-पायांच्या वेगापेक्षा उभे राहणेच अधिक तपासले जाते. झेनकुत्सु-दाची या पुढे भार देणाऱ्या पवित्र्यात वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायावर, तर कोकुत्सु-दाची या मागे भार देणाऱ्या पवित्र्यात सुमारे सत्तर टक्के मागच्या पायावर असतो. दमल्यावर कोकुत्सु-दाचीत उमेदवाराचा मागचा वाकवलेला गुडघा सरळ होऊ लागतो आणि परीक्षकाची नजर नेमकी तिथे असते. कातांत बास्साइ-दाइ (४२ हालचाली), कान्कु-दाइ (६५), एन्पी (३७), जिओन (४७) व हांगेत्सु (४१) यांपैकी एक निवडण्याची पद्धत रूढ आहे. शिवाय आधी शिकलेल्या, हेइआन नावाच्या सुरुवातीच्या मालिकेतील कोणताही काता ऐनवेळी विचारला जातो आणि विद्यार्थी तिथेच अडखळतात. मोठा काता घोटण्याच्या नादात पहिला-दुसरा गंजलेला असतो.

काता जिथे सुरू होतो तिथेच संपला पाहिजे. ही अट तयारीची उत्तम कसोटी होय. गच्चीवर खडूने फुली मारून, किंवा घरात लाद्या मोजून सराव करतात; शेवटची पावले फुलीच्या पुढे दोन लाद्या पडली, तर कुठल्या तरी वळणावर उभे राहण्याची लांबी कमी-जास्त झाली असे समजावे. चूक शोधायला आरशापेक्षा फुली बरी. बडोद्यात मे महिन्यात हा गच्चीवरचा सराव उन्हे चढण्याआधी उरकावा लागतो. नंतर अनवाणी पाय ठेववत नाही. नवरात्रातील नऊ रात्री गरब्यामुळे क्लास ओस पडतात. परीक्षा लगेच त्यानंतर असेल तर घोटे व पोटऱ्या आधीच शिणलेल्या असतात, पण सुट्टी कोणी मागत नाही, नुसती घेतात. आकडे जपानी, सूचना गुजराती, आणि घरी आल्यावर आईची टीका मराठीत, अशी मराठी घरांतील मुलांची भाषेची वाटणी असते.

या शहराची स्वतःची व्यायामपरंपरा याहून जुनी आहे. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी सयाजीराव महाराजांच्या काळात येथे कुस्ती, मल्लखांब, लाठी यांचे शिक्षण नावारूपास आणले, तर द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश इथूनच निघाला. तालमीत रंगाची श्रेणी नसे. वस्तादाने एखाद्या पोराला नवख्यांकडून जोर-बैठका घालून घ्यायला सांगितले की तो तयार झाला, हे सगळ्यांना कळे. कराटेच्या उमेदवारांच्या तयारीत जोर, बैठका, सूर्यनमस्कार सर्रास दिसतात. त्यांचा दम वाढवण्याशी संबंध आहे, गुणांशी नाही.

‘शोदान’चा अर्थ आरंभीची पायरी. तायक्वांदो या कोरियन युद्धकलेत पंधरा वर्षांखालील मुलांना दानऐवजी ‘पूम’ श्रेणी देतात व तिचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. म्हणून शाळकरी मुलाला ‘ब्लॅक मिळाला’ असे ऐकल्यास कोणता, हे विचारून घेणे बरे.