मांटू टेस्ट करताय? मग तिसऱ्या दिवशी परत यायचंच

मांटू म्हणजे टीबीचा जंतू कधी शरीरात शिरला होता का ते बघायची, हाताच्या कातडीवर करायची टेस्ट. इंजेक्शन घेतलं म्हणजे ती झाली असं समजून जाणारे खूप आहेत. मग चार-पाच दिवसांनी फोन येतो, रिपोर्ट तयार झाला काय? नाहीतर हाताचा फोटो व्हॉट्सअपवर येतो. दोन्हीचा उपयोग नाही, टेस्ट परत करावी लागते, आणि जहाजावर किंवा गल्फला जाणाऱ्यांची मेडिकलची तारीख तोंडावर असली की फारच पंचाईत होते.

आम्ही हातावर कातडीच्या आत फक्त ०.१ मिली औषध सोडतो. ते टीबीच्या जंतूचं शुद्ध केलेलं प्रोटीन असतं, त्यात जिवंत जंतू नसतो, त्यामुळे इंजेक्शनमुळे टीबी होईल ही भीती नको. खरं काम पुढे तुमचं शरीर करतं. टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसात गेला की तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याला गिळतात, पण हा जंतू गिळला तरी सहज मरत नाही, त्या पेशीतच राहून हळूहळू वाढतो. मग लिम्फ नोडमध्ये (शरीरातल्या संरक्षणाच्या गाठींमध्ये) त्याला ओळखणाऱ्या टी पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं इशारा देणारं प्रोटीन सोडतात, त्याने मॅक्रोफेजना जोर येतो आणि सगळ्या मिळून जंतूला छोट्या गाठीत कोंडून ठेवतात. बहुतेकांमध्ये तो जन्मभर तसाच गप्प राहतो, उपचार नाही घेतले तर शंभरातल्या ५ ते १० जणांना कधीतरी आजार होतो.

ही ओळख तयार व्हायला २ ते ८ आठवडे जातात, म्हणून घरात कुणाला टीबी निघाला म्हणून दुसऱ्याच दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होऊ नका, डॉक्टर सांगतील तेव्हा परत करा.

ओळख आधीच असेल तर त्याच टी पेशी इंजेक्शनच्या जागी जमतात, पण सावकाश, ४८ ते ७२ तासांत. तेव्हा तिथे घट्ट फुगवटा येतो. आम्ही बोट फिरवून त्याची कड शोधतो, पेनाने दोन्ही बाजूंना खूण करतो आणि हाताच्या आडव्या दिशेने मिलिमीटरमध्ये मोजतो. लाली मोजत नाही, आणि फोटोत दिसते ती लालीच. म्हणून फोटोवर रिपोर्ट देत नाही, कुणी कितीही ओळखीचा असला तरी. रविवारी बंद असतो म्हणून शुक्रवारी इंजेक्शनही देत नाही, आणि चवथीला गावी जायचं असेल तर आधी नाहीतर नंतरच या. तिसऱ्या दिवशीच्या तपासणीचे वेगळे पैसे नाहीत. मधल्या काळात जागा खाजवू नका, बाम किंवा हळद लावू नका.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे टीबी झाला असं नाही. जंतूशी कधीतरी गाठ पडली एवढंच कळतं, लहानपणच्या बीसीजीमुळेही (टीबीची लस) येऊ शकतं. आजार आहे की नाही ते एक्स-रे आणि थुंकीच्या तपासणीवर ठरतं. उलट कुपोषण, एचआयव्ही किंवा स्टेरॉइड चालू असेल तर आजार असूनही फुगवटा येईलच असं नाही, तेव्हा चालू गोळ्या आम्हाला आधी सांगा.

ज्यांना दुसरी फेरी जमतच नाही, वाळपई किंवा त्याच्याही पलीकडून बस पकडून येणाऱ्यांना, इग्रा ही रक्ताची टेस्ट बरी. एकदाच रक्त द्यायचं, रक्तातल्या टी पेशी किती इंटरफेरॉन गॅमा सोडतात ते मोजतात, बीसीजीचा त्यावर परिणाम होत नाही. महाग आहे, पण आजार आणि नुसता संसर्ग यातला फरक तीही सांगत नाही. आणि टीबीची आयजीजी-आयजीएम, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट, करा म्हणून कृपया आग्रह धरू नका, टीबीशी मुख्य लढाई टी पेशींची असते, अँटिबॉडीवरून भरवशाचं निदान होत नाही आणि त्या किटवर सरकारनेच २०१२ मध्ये बंदी घातली आहे.

मांटूसाठी उपाशी यायची गरज नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुना रिपोर्ट असेल तर तो आणा, आणि इंजेक्शन घेतानाच परत यायची वेळ कार्डवर लिहून घ्या.